बटाट्याचं ग्रॅटिन: मधला थर कच्चा का राहतो, दूध का फाटतं आणि नीट कसं करायचं

ग्रॅटिन म्हणजे बटाट्याच्या पातळ चकत्या, दूध, क्रीम, लसूण, बस. सामान अगदी थोडं, पण बिघडतं फार, आणि गंमत म्हणजे जवळपास सगळ्यांचं एकाच पद्धतीने बिघडतं. वरून मस्त सोनेरी दिसतं, कौतुकाने टेबलावर येतं आणि सुरी घातली की वरचे दोन थर लोण्यासारखे आणि खाली कचकच.

मागच्या डिसेंबरात नाशिकला इंदिरानगरमधे दादा-वहिनीच्या लग्नाला २५ वर्षं झाली म्हणून घरातच जेवण होतं, तेव्हा वहिनीने हेच केलं होतं. मी सुरी घातली तर तिसऱ्या थरावरच अडकली, आणि कडेने पाण्यासारखं दूध बाहेर आलं, त्यात पनीरसारखे बारीक कण. वहिनी रडकुंडीला आली, "अगं सव्वा तास ठेवलंय, अजून किती ठेवू?" पण प्रश्न वेळेचा नव्हताच. तिने चकत्या पाण्यात धुतल्या होत्या, दूध फ्रिजमधून काढून थंडच ओतलं होतं आणि डिश काठोकाठ भरली होती. तिन्ही चुका ओव्हन लावायच्या आधीच्या. त्यानंतर मी तिच्या घरी तिच्याच ओव्हनमधे दोनदा करून दाखवलं, आणि हे सगळं तेव्हापासून नीट लिहून काढायचं होतं.

एक गोष्ट आत्ताच डोक्यात बसवून घ्या, ग्रॅटिन निम्मं गॅसवर शिजतं, ओव्हनमधे ते फक्त पुरं होतं. हे कळलं की बाकीचे टप्पे आपोआप कळतात.

आधी माप आणि वेळ

हे साईड डिश म्हणून ६ ते ८ जणांना पुरतं. डिश साधारण २० सेंटीमीटर लांब-रुंद आणि ५ सेंटीमीटर खोल.

- बटाटे १ किलो, मध्यम आकाराचे
- फ्रेश क्रीम २५० मिली
- फुल क्रीम दूध ३०० मिली
- लसूण ५-६ पाकळ्या
- मीठ दीड टीस्पून
- ताजी कुटलेली मिरी अर्धा टीस्पून
- जायफळ दोन-तीन वेळा किसणीवर घासलं की जेवढं पडेल तेवढंच
- बटर २० ग्रॅम
- चीज ५० ग्रॅम, हवं असेल तर
- कॉर्नफ्लॉर १ टीस्पून, फुल क्रीम दूध नसेल तरच

जेवण साडेआठला असेल तर पावणेसहाला बटाटे सोलायला बसा. सोलणं, कापणं आणि दूध मुरवणं यात अर्धा तास जातो, गॅसवर शिजवून थर लावायला २५ मिनिटं, ओव्हनमधे एक तास ते सव्वा तास, आणि बाहेर काढल्यावर २५ मिनिटं नुसतं ठेवायचंय. ही शेवटची २५ मिनिटं लोक धरतच नाहीत आणि मग पाहुणे बसलेत म्हणून घाईने कापतात.

१. बटाटा निवडा

भद्रकालीत घ्या, बुधवारच्या बाजारात घ्या नाहीतर घराखालच्या गाडीवर घ्या, भाजीवाला तुम्हाला जात सांगणार नाही, फार तर इंदूरचा आहे किंवा आग्र्याचा आहे एवढंच सांगेल. त्यामुळे हाताने आणि नखाने बघायचं. नखाने साल अलगद निघाली तर तो नवा बटाटा, त्यात पाणी जास्त, भाजी-रस्स्याला छान पण ग्रॅटिनला नको. साल घट्ट, थोडी खरखरीत, बटाटा हातात जड आणि टणक लागतोय असा घ्या. हिरवट पडलेला किंवा मोठे कोंब आलेला घेऊच नका, त्या हिरवेपणाबरोबर कडवट विषारी अंशही वाढलेला असतो आणि बेक करून तो जात नाही.

घरी आणल्यावर फ्रिजमधे ठेवू नका. थंडीत बटाट्यातल्या स्टार्चची साखर व्हायला लागते, मग ग्रॅटिन गोडसर लागतं आणि वरून वेळेआधीच काळपट होतं. टोपलीत, अंधाऱ्या कोपऱ्यात, कांद्यापासून लांब ठेवा.

बटाटा पिठूळ आहे का चिकट हे बघायची एक सोपी युक्ती आहे. अर्धी वाटी मीठ साडेपाच वाट्या पाण्यात पूर्ण विरघळवायचं आणि त्यात अख्खा बटाटा सोडायचा. बुडाला तर पिठूळ, तरंगला तर चिकट, पाणी जास्त असलेला. ग्रॅटिन दोन्हीचं होतं, फक्त बुडणारा लवकर शिजतो आणि क्रीम जास्त पितो, तरंगणारा आकार धरून राहतो पण त्याला वेळ लागतो. म्हणून एका डिशमधे दोन्ही मिसळू नका, नाहीतर एकाच घासात एक चकती विरघळलेली आणि दुसरी करकरीत. मी स्वतः बुडणारेच घेते. ते मिठाचं पाणी फेकू नका, त्यातच बाकीचे सगळे बटाटे तपासून होतात, नंतर साध्या पाण्याने धुवून घ्या.

तपासा: सगळे बटाटे साधारण एकाच आकाराचे आहेत ना? चकत्या एकसारख्या आल्या तरच थर सपाट बसतात.

२. डिश आणि ओव्हन

काचेची बेकिंग डिश चालते, सिरॅमिकची चालते, ॲल्युमिनियमचा केकचा चौकोनी टिनही चालतो. टिनमधे कडा लवकर शिजतात, काचेत बाहेरून बुडबुडे दिसतात म्हणून नवशिक्याला काच बरी. भांडी बाजारात गेलात तर उंची बघून घ्या, आपल्याकडे ज्या उथळ सर्व्हिंग डिश मिळतात त्यात दूध हमखास उतू जातं.

लसणाची एक पाकळी मधोमध कापून ती डिशला आतून सगळीकडे घासा, वर बटर लावा, कोपऱ्यात जास्त लावा. हे काम आत्ताच उरका, कारण नंतर गरम चकत्या पातेल्यात वाट बघत असताना डिशला बटर लावत बसलात तर त्या तिथेच शिजत राहतात आणि लगदा होतो.

ओटीजी म्हणजे घरगुती छोटा विजेचा ओव्हन असेल तर वरचा-खालचा दोन्ही रॉड चालू, १७० डिग्री, जाळी मधल्या खाचेच्या एक घर खाली. १५ मिनिटं तापवून घ्यायचंच, आणि डिसेंबर-जानेवारीत नाशिकला किचनमधली फरशी पायाला लागते तेव्हा २० मिनिटं. ओटीजीच्या बटणावर जो आकडा असतो तो आणि आतलं खरं तापमान यात बऱ्याचदा फरक असतो, २०-२५ डिग्रीसुद्धा. ओव्हनमधे ठेवायचा छोटा थर्मामीटर काही शे रुपयांत मिळतो, केक आणि बिस्किटं वारंवार करत असाल तर तो घ्याच. वहिनीच्या ओव्हनमधे बटण १७० वर होतं आणि आत जेमतेम १५०, म्हणजे तिच्या सव्वा तासाचं काय झालं ते कळलं.

कन्व्हेक्शन मायक्रोवेव्ह असेल तर फक्त कन्व्हेक्शन मोडवर करा, १६० वर, पंख्यामुळे उष्णता जोरात लागते. फॉईल चालतं का ते तुमच्या मशीनच्या पुस्तकात बघा, आणि कुठल्याही परिस्थितीत फॉईल घालून मायक्रो किंवा कॉम्बी मोड लावू नका.

थांबा: फ्रिजमधून काढलेली थंड काचेची डिश तापलेल्या ओव्हनमधे घालू नका आणि तापलेली डिश ओल्या ओट्यावर ठेवू नका. दोन्हीत तडा जातो. लाकडी पाट किंवा जाड कोरडं फडकं आधीच घालून ठेवा.

३. दूध-क्रीम मुरवा

जाड बुडाच्या पसरट पातेल्यात दूध आणि क्रीम एकत्र करा, उरलेला लसूण ठेचून टाका, मीठ, मिरी, जायफळ घाला. पुरणपोळीला किंवा श्रीखंडाला आणलेलं जायफळ डब्यात पडलेलं असतंच, तेच ताजं किसा, तयार पावडरीला वास उरलेला नसतो. जास्त झालं की कडू होतं, म्हणून हात आखडता.

परदेशी रेसिप्यांत बऱ्याचदा थाईम घालतात. कॉलेज रोड-गंगापूर रोडच्या मोठ्या दुकानांत मिळतं, पण मला विचाराल तर गॅलरीतल्या कुंडीतल्या पानओव्याची दोन पानं अख्खी टाकून नंतर काढून घेणं जास्त छान लागतं, थाईमचा आणि ओव्याचा वास बराचसा एकाच जातीचा आहे. चिरून घालू नका, दूध हिरवट आणि उग्र होतं.

मंद आचेवर कडेने बारीक बुडबुडे येईपर्यंत तापवा, गॅस बंद करा, झाकण ठेवून १० मिनिटं मुरू द्या, मग पानं काढा. या १० मिनिटांत बटाटे कापून होतात.

इथे क्रीमबद्दल दोन शब्द, कारण दूध फाटण्याचं मूळ बऱ्याचदा इथेच असतं. आपल्याकडे टेट्रापॅकमधे मिळणारं फ्रेश क्रीम साधारण २५ टक्के फॅटचं असतं, अमूलचंही तेवढंच. परदेशी रेसिपीतलं हेवी क्रीम ३५ टक्क्यांच्या पुढचं असतं, ते कितीही उकळलं तरी सहसा फाटत नाही, आपलं मात्र जोरात उकळलं की फाटू शकतं. म्हणून ते व्हिडिओ बघून दणादण उकळी आणू नका. क्रीम न घालता नुसत्या टोन्ड दुधावर तर करूच नका. फुल क्रीम दूध नसेल, टोन्डच घरात असेल तर १ टीस्पून कॉर्नफ्लॉर दोन चमचे थंड दुधात कालवून दूध तापतानाच मिसळा, ते फाटण्याला आळा घालतं. केकवरचं गोड व्हिपिंग क्रीम वापरू नका, पाकीट नीट वाचा, बऱ्याच पाकिटांत ते दुधाचं नसतंच.

आणि दही, लिंबू, टोमॅटो, आमचूर यातलं काहीही नको. रस्स्यात चिंच किंवा टोमॅटो आधी पडला की बटाटा शिजता शिजत नाही हे आपल्याला माहीतच आहे, इथेही तेच, वर दूध फाटतं ते वेगळं.

तपासा: दूध चमच्याने चाखा. ते कढीपेक्षा थोडं खारट लागलं पाहिजे. आत्ता बरोबर वाटलं तर बटाटे पडल्यावर अळणी होणार, आणि थर लागल्यावर मीठ आतपर्यंत पोचवायला मार्ग नसतो.

४. कापा, आणि धुऊ नका

सगळ्यात जास्त बिघडतं ते इथे, आणि सवयीमुळे बिघडतं. उन्हाळ्यात वाळवणाचे वेफर्स करताना आपण चकत्या तीन-चार पाण्यांनी धुतो, अगदी पाणी स्वच्छ होईपर्यंत, कारण तिथे स्टार्च नको असतो. त्या पाण्याच्या तळाशी जो पांढराशुभ्र साका बसतो ना, तोच इथे हवाय. तोच दुधाला दाट करतो, थर एकमेकांना धरून ठेवतो आणि क्रीम फाटू देत नाही. तो धुवून टाकला की खाली पाणी आणि वर सुट्या सुट्या चकत्या, मग कितीही चीज घाला.

तर क्रम असा. बटाटे सोला, अख्खे असतानाच धुवा, फडक्याने कोरडे पुसा, मग कापा आणि कापल्या कापल्या सरळ दुधात टाका. काळे पडतील म्हणून पाण्यात टाकायचा मोह होतो, त्याला हाच उपाय आहे, दुधात गेले की काळे पडत नाहीत.

जाडी ३ मिलीमीटर, म्हणजे एकावर एक ठेवलेल्या दोन रुपयांच्या दोन नाण्यांपेक्षा किंचित कमी. वेफर्सची किसणी बहुतेक त्याहून बारीक पाडते, तशा चकत्या शिजून विरघळतात आणि कापल्यावर थर दिसतच नाहीत. तुमच्या किसणीला जाडी बदलायचा स्क्रू असेल तर उत्तम, नसेल तर धारदार सुरीने कापा, हात सरावला असेल तर विळीवरही चालेल. अर्धा मिलीमीटर इकडे-तिकडे झालं तर काही बिघडत नाही, पण एक चकती पारदर्शक आणि दुसरी पाचराएवढी असं नको.

थांबा: किसणीवर शेवटचा दोन बोटं उरलेला तुकडा हाताने ओढू नका, काट्याला टोचून धरा नाहीतर सरळ सुरीने कापा. दुधाने ओला झालेला बटाटा फार निसटतो.

५. गॅसवर निम्मं शिजवा

चकत्या दुधात नीट बुडवा, एकमेकांना चिकटलेल्या सुट्या करा. पातेलं पुन्हा मंद आचेवर ठेवा. झारा किंवा सपाट उलथणं तळापासून अलगद फिरवत राहायचं, ढवळायचं नाही, उचलून परतायचं, नाहीतर चकत्या तुटतात. तळाला लागण्याची भीती खरी आहे, स्टार्च आधी तळाशीच बसतो, म्हणून पातेलं सोडून जाऊ नका, फोन आला तर गॅस बंद करून घ्या.

दूध कडेने बुडबुडलं की ८ ते १० मिनिटं. या वेळात दूध बदलताना दिसतं, आधी पाण्यासारखं असतं, मग हळूहळू पळीच्या पाठीला चिकटायला लागतं. एक चकती बाहेर काढून दोन बोटांत वाकवा. कच्ची चकती कट्कन मोडते, जास्त शिजलेली दबून तुटते, आपल्याला हवी ती वाकते, न मोडता, कमानीसारखी, आणि दाताखाली मध्यभागी किंचित करकर लागते. तिथे गॅस बंद.

ही पायरी वगळून कच्च्या चकत्यांवर दूध ओतून सरळ ओव्हनमधे घालणाऱ्या रेसिप्या खूप आहेत आणि मोठ्या, नेमक्या तापणाऱ्या ओव्हनमधे ते जमतंही. आपल्या छोट्या ओटीजीत रॉड डिशच्या अगदी जवळ असतात, वरचा थर काळा होईपर्यंत मधला गरमसुद्धा होत नाही. म्हणून मी ही पायरी कधीच सोडत नाही.

तपासा: दूध पळीच्या पाठीवर धरलं आणि बोटाने मधून रेघ ओढली तर रेघ राहतेय का? राहत नसेल तर अजून २-३ मिनिटं.

६. थर लावा

चिमट्याने किंवा काट्याने चकत्या उचला आणि डिशमधे माशाच्या खवल्यांसारख्या एकावर एक निम्म्या चढवत लावा. सगळे थर सुंदर लावायची गरज नाही, कोणी बघणार नाही, फक्त सपाट लावा, फट राहू देऊ नका. वरचा एकच थर मन लावून लावा, त्यासाठी चांगल्या गोल चकत्या १५-२० बाजूला ठेवा. दर दोन थरांनी उलथण्याने हलकेच दाबा, आतली हवा निघते.

सगळ्या चकत्या झाल्या की उरलेलं दाट दूध वरून ओता. ते वरच्या थराच्या अगदी खालपर्यंत यायला हवं, वरचा थर बुडायला नको. चमच्याने दाबल्यावर चकत्यांच्या मधून दूध वर येतं आणि सोडलं की खाली जातं, एवढं. दूध उरलं तर उरू द्या, सगळं संपवायचंच म्हणून ओतू नका, सकाळी ब्रेडबरोबर नाहीतर सूपमधे संपतं.

डिशचा काठ वरून दीड सेंटीमीटर मोकळा हवा. तरीही खाली एक ट्रे ठेवाच, दूध रॉडवर पडलं तर जळका वास अख्ख्या ग्रॅटिनला लागतो.

७. बेक करा, दोन भागात

डिश फॉईलने घट्ट झाका, फॉईलच्या आतल्या बाजूला थोडं बटर लावा म्हणजे वरचा थर चिकटून उचलला जाणार नाही. १७० डिग्रीवर ३५ मिनिटं. या वेळात दार उघडू नका, काचेतून बघा.

मग फॉईल काढा, वाफ तोंडावर येते म्हणून लांबचा कोपरा आधी उचला. चीज घालायचं असेल तर आत्ता, आधी नाही. सुरुवातीपासून चीज घातलं की ते जळून वर कडक पापुद्रा होतो. मला विचाराल तर चीजशिवायचंच ग्रॅटिन जास्त देखणं आणि जास्त चवीचं, चीज घातलं की पिझ्झाचा वास येतो आणि जायफळ-लसूण दबून जातात. मुलांसाठी हवंच असेल तर ५० ग्रॅमच्या वर नको.

उघडं ठेवून १८० वर २० ते २५ मिनिटं. वर सोनेरी-तपकिरी डाग पडायला हवेत, सगळीकडे एकसारखा रंग नको, चकत्यांच्या कडा गडद आणि मध्य फिकट असंच ते दिसतं. ओटीजीत मागची बाजू लवकर रंगते, १० मिनिटांनी डिश फिरवून ठेवा.

मधेच वीज गेली तर घाबरू नका, पावसाळ्यात होतंच. दार बंदच ठेवा. १५-२० मिनिटांत आली तर जेवढा वेळ गेली तेवढा अधिक ५ मिनिटं वाढवा. फार वेळ आली नाही तर डिश झाकून जाड बुडाच्या तव्यावर अगदी मंद आचेवर ठेवता येते, पण फक्त धातूची डिश असेल तर, काच कधीच नाही.

तपासा: बारीक टोकाची सुरी डिशच्या बरोबर मध्यभागी घाला, कडेला नको, कडेचं कधीच शिजलेलं असतं. सुरी सगळ्या थरांमधून न अडखळता तळाला जातेय का, मधे दाटून थांबतेय का, बोटांना कळतं. लोण्यात जावी तशी गेली तर झालं. अडकली तर फॉईल पुन्हा झाका आणि १७० वरच १०-१५ मिनिटं द्या. तापमान वाढवू नका, त्याने फक्त वर जळतं आणि दूध फाटतं. मांस शिजलं का बघायचा थर्मामीटर असेल तर मध्यभागी ९५ डिग्रीच्या आसपास हवं.

८. थांबा, खरंच थांबा

ओव्हनमधून काढल्या काढल्या दूध कडेने खळखळत असतं आणि पातळ दिसतं. तेव्हा कापलं की सगळं पसरतं आणि लोकांना वाटतं बिघडलं. पिठलं कसं गॅसवर सैल वाटतं आणि ताटात पडल्यावर घट्ट होतं, अगदी तसंच. २० ते २५ मिनिटं फडक्यावर ठेवा, वर फॉईल अलगद टाका, घट्ट नको, नाहीतर वाफेने वरचा कुरकुरीत थर मऊ पडतो. ते तेवढ्या वेळात थंड होत नाही, आतून चांगलं गरम असतं.

९. ताटात देखणं वाढायचं असेल तर

घरच्यांसाठी चौकोनी तुकडे करून सपाट उलथण्याने उचललं तरी छान दिसतं. पहिला तुकडा बहुतेक मोडतो, तो स्वतःसाठी ठेवा, मग उलथणं आत नीट जातं.

पण पाहुण्यांच्या जेवणाला, थर मोजता येतील असे सरळ कडांचे तुकडे हवे असतील तर आदल्या दिवशी करा. डिशला आतून बेकिंग पेपर घाला, दोन्ही बाजूंनी बाहेर येईल एवढा लांब. साधा बटर पेपर घेताना ओव्हनमधे चालतो असं लिहिलंय ना ते बघा. बेक झाल्यावर तासभर निवू द्या, वर पेपर ठेवा, त्यावर आत बसेल अशी दुसरी सपाट डिश आणि तिच्यात एक-दीड किलो वजन, मी डाळ-तांदळाची पाकिटं ठेवते. फार दाबू नका, क्रीम बाहेर येतं. वजनासकट फ्रिजमधे रात्रभर. बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नका, दुधाचा पदार्थ आहे, आणि एप्रिल-मेमधे तर त्याच्याही आधी आत जाऊ द्या.

दुसऱ्या दिवशी पेपर धरून अख्खी वडी बाहेर काढा, थंडच असताना लांब सुरीने कडा कापून सरळ करा आणि तुकडे पाडा, दर वेळी सुरी गरम पाण्यात बुडवून पुसून घ्या. मग बेकिंग पेपरवर सुटे सुटे मांडून १८० वर १५ ते १८ मिनिटं. कापलेली बाजू वर करून ठेवली तर थरांच्या रेघा सोनेरी होतात, फार सुरेख दिसतं. गरम केल्यावर कापायला गेलात तर सगळे थर सरकतात, म्हणून क्रम उलटा करू नका.

थंडीच्या दिवसांत ताटल्या कोमट करून घ्या, उतरत्या ओव्हनमधे ५ मिनिटं पुरतात. थंड प्लेटवर क्रीम लगेच गोठल्यासारखं होतं.

बरोबर काय? ग्रिल केलेलं पनीर, मशरूम, रोस्ट चिकन, काहीही चालतं, पण ताटात एक आंबट-कुरकुरीत गोष्ट हवीच, नाहीतर तिसऱ्या घासाला जड होतं. द्राक्षांच्या दिवसांत मी हिरवी द्राक्षं अर्धी चिरून काकडी, मिरी आणि लिंबाबरोबर ठेवते, आपल्याकडे फेब्रुवारी-मार्चमधे ती मुबलक असतात आणि क्रीमला त्यांच्यासारखा उतारा नाही. तुकडा लहानच वाढा, दोन बाय तीन इंचाचा पुरतो.

१०. बिघडलंच तर

पातेल्यातच दूध फाटलं: गॅस लगेच बंद. चकत्या झाऱ्याने काढा, दूध थोडं निवू द्या आणि मिक्सरमधे फिरवा, कण मोडतात, चव तीच राहते. कडकडीत गरम दूध बंद मिक्सरमधे घालू नका, झाकण उडतं आणि भाजतं.

डिशमधे फाटलं: आता काही करता येत नाही, चव चांगली असते, वरून थोडं चीज घालून रंग आणा आणि चमच्याने वाढा.

कापल्यावर पाणी सुटलं: उघडं ठेवून १६० वर १५ मिनिटं, मग पुन्हा २० मिनिटं विश्रांती. चकत्या धुतल्या असतील तर फारसा फरक पडणार नाही.

वर काळं व्हायला लागलं, आत कच्चं: फॉईल झाका, जाळी एक घर खाली घ्या, ओटीजीत वरचा रॉड बंद करता येत असेल तर करा.

खारट झालं: बरोबरचं सॅलड आणि ब्रेड अळणी ठेवा. वरून दूध ओतू नका, ते थरात जात नाही, नुसतं तरंगतं.

उरलेलं फ्रिजमधे झाकून दोन दिवस राहतं. मायक्रोवेव्हमधे गरम केलं की तूप सुटल्यासारखं होतं, त्यापेक्षा थंड तुकडा बिडाच्या तव्यावर थेंबभर बटरवर मंद आचेवर ठेवा आणि खालची बाजू खरपूस होऊन स्वतःहून सुटेपर्यंत हलवू नका, मग एकदाच उलटा.